सुरू होतानाच चरचरणारा अ‍ॅम्प्लिफायर : बडोद्यातल्या एका जुन्या संचाची पूर्ण तपासणी

संच सत्तरच्या दशकातला, जपानी बनावटीचा, दोन्ही बाजूंना साधारण तीस-तीस वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराचा माळा रिकामा होत असताना तो भंगारात निघाला आणि तिथून तबकड्या ऐकणाऱ्या एका गृहस्थांकडे आला. चालत होता, आवाजही गोड होता. तक्रार फक्त सुरुवातीच्या काही मिनिटांची होती. बटण दाबल्यावर दोन्ही स्पीकरमधून ‘धप्प’ असा जोरदार ठोका येई आणि वूफरचा कोन डोळ्यांना दिसेल इतका हलत असे. लगेच डाव्या बाजूला चरचर सुरू होई आणि तीन-चार मिनिटांत विरून जाई. उजव्या बाजूलाही मधूनमधून हलके ‘टप् टप्’ येई. एकदा संच तापला की मग रात्रभर शांत.

आधीच्या कुणीतरी यावर उपाय केलेला होता. वीजपुरवठ्यातले दोन्ही मोठे फिल्टर कंडेन्सर, ६८०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे, नवेकोरे बसवलेले दिसत होते. आवाजात काडीचा फरक पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता. फिल्टर कंडेन्सर सुकला तर १०० हर्ट्‌झची घूंघूं येते, आवाज वाढवला की ती फुगते आणि संच तापल्याने ती जात नाही. चरचर हा त्याचा गुण नव्हे. जुन्या संचांच्या दुरुस्तीत हे फार वेळा घडते: जो भाग सर्वांत मोठा आणि डोळ्यांत भरणारा, तो आधी बदलला जातो. सगळे कंडेन्सर सरसकट बदलण्याची सध्याची रीतही आम्हाला पटत नाही. पन्नास ठिकाणी सोल्डरिंग केले की दोन नवे दोष तयार होतात, आणि मूळ दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

सुरुवातीचा आवाज हा एकच दोष आहे असे धरून चालले की तपास भरकटतो. इथे तीन आवाज होते आणि तिन्हींची वेळ वेगळी होती. ठोका पहिल्या सेकंदातला, चरचर पहिल्या चार मिनिटांतली आणि टपटप पहिल्या दहा मिनिटांत हळूहळू विरळ होणारी. म्हणून मीटर हातात घेण्याआधी संच पूर्ण थंड असताना, म्हणजे किमान चार-पाच तास बंद ठेवून, घड्याळ समोर घेऊन ऐकावे आणि कागदावर लिहावे: कोणता आवाज, कोणत्या बाजूला, कधी सुरू, कधी बंद. एकदा संच तापला की पुन्हा थंड होईपर्यंत ही संधी मिळत नाही.

ऐकताना तबकडी लावू नये. या संचाच्या मालकांकडे बडोदा दरबारचे गायक उस्ताद फैय्याज खाँ यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या होत्या. त्या तबकड्यांची स्वतःची खरखर इतकी असते की अ‍ॅम्प्लिफायरची चरचर तिच्यात मिसळून जाते. शंका आली तर मोजून बघता येते. तबकडीवरचा ओरखडा दर फेरीला एकदा वाजतो, म्हणजे ७८ च्या तबकडीवर सुमारे ०.७७ सेकंदाने आणि ३३⅓ च्या तबकडीवर १.८ सेकंदाने. ठेक्यात येणारा आवाज तबकडीचा, अनियमित येणारा संचाचा. तरीही सिलेक्टर ‘ऑक्स’वर ठेवून, त्या सॉकेटला काहीही न जोडता ऐकणे हेच बरे.

वीज देण्याआधी

भंगारातून आलेला संच सरळ भिंतीच्या प्लगला लावू नये. सिरीज बोर्ड वापरावा: फेजच्या वायरीत ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडी बल्ब चालत नाही, कारण त्याचा रोध विजेच्या प्रवाहाबरोबर तारेसारखा वाढत नाही. संच सुरू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. या वेळी स्पीकर जोडायचे नाहीत.

मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर अवश्य बघावा. या संचावर ११०, १२७, २२० आणि २४० असे चार टप्पे होते आणि तो २२० वर होता. बडोद्यात घरच्या प्लगला मोजलेला दाब २३८ ते २४२ व्होल्ट निघाला. त्यामुळे संचाच्या आतल्या पुरवठ्यात मूळ अधिक-उणे ३५ व्होल्टच्या जागी ३८ च्या वर व्होल्ट येत होते आणि सगळा संच गरजेपेक्षा जास्त तापत होता. सिलेक्टर २४० वर नेला. खास जपानमध्ये विकलेल्या संचांवर फक्त १०० व्होल्टची सोय असते, त्यांना वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पाटी न वाचता लावलेला असा संच पहिल्याच क्षणी जळतो.

बडोद्यातल्या जुन्या वस्तूंबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी कित्येक घरांत शिरले आणि त्यानंतर भिजलेल्या वस्तू भंगारात आल्या. वरून पुसून चकचकीत केलेला संच ओळखायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांच्या फटीत, स्विचच्या आत आणि पीसीबीच्या, म्हणजे सगळे भाग सोल्डर केलेल्या पाटीच्या, खालच्या बाजूला गाळाची बारीक रेघ शोधावी. ती दिसली तर पुढचा सगळा क्रम बदलतो. आधी ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) ५०० व्होल्टवर तपासावे लागते. हा संच माळ्यावरच होता. आत धूळ आणि पालीची अंडी होती, गाळ नव्हता.

आत हात घालण्याआधी फिल्टर कंडेन्सर रिकामे करावेत. १०० ओहम ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स दोन इन्सुलेटेड वायरींनी प्रत्येक कंडेन्सरच्या टोकांना पाच सेकंद धरला की ३५ व्होल्टचे काही मिलिव्होल्टच उरतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याने टर्मिनल जळते आणि डोळ्यालाही धोका असतो. नंतर मीटरने खात्री करावी.

पहिला आवाज : ठोका

या संचाचे आउटपुट स्पीकरला सरळ जोडलेले आहे, मध्ये कंडेन्सर नाही. अशा रचनेत सुरू होताना अधिक आणि उणे पुरवठ्यांचे व्होल्टेज एकाच गतीने चढत नाहीत, फीडबॅकच्या (आउटपुटचा काही भाग पहिल्या टप्प्याकडे परत नेणाऱ्या) वाटेतला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर चार्ज व्हायला वेळ घेतो आणि तेवढा वेळ आउटपुटवर डीसी उभा राहतो. म्हणूनच स्पीकरच्या वाटेत रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असतो. तो तीन ते पाच सेकंद थांबून, सगळे स्थिरावल्यावर स्पीकर जोडतो.

इथे बटण दाबल्यापासून रिलेची ‘टक’ अर्ध्या सेकंदातच ऐकू येत होती. काट्याचा मल्टिमीटर रिलेच्या अलीकडे, अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर लावला तर काटा उणे दोन व्होल्टच्या आसपास जाऊन सुमारे दोन सेकंदांत शून्याकडे येत होता. हे काम डिजिटल मीटरवर नीट होत नाही, आकडे नुसते उड्या मारतात. काटा मात्र स्पष्ट दाखवतो. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आपले काम बरोबर करत होता, रिले घाई करत होता.

रिलेचा उशीर ठरवणारा कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा होता. काढून मोजला तर ११ भरला. त्याच्या शेजारीच रिलेला वीज देणारा २ वॅटचा रेझिस्टन्स होता आणि त्या भोवतालची पीसीबी तपकिरी झाली होती. वर्षानुवर्षे ती धग बसून कंडेन्सर आतून सुकला. सुकला की उशीर कमी होतो. उलट तो गळका झाला असता तर रिले उशिरा बसला असता किंवा बसलाच नसता. हा फरक लक्षात ठेवला तर कान आणि घड्याळ एवढ्यावरच अर्धे निदान होते.

नवा १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा बसवला, आणि पाय थोडे वाकवून रेझिस्टन्सपासून दूर ठेवला. उशीर चार सेकंदांवर आला, ठोका गेला. इथे ‘मोठा तेवढा चांगला’ म्हणून ४७० लावू नये. मग स्पीकर जोडायला जवळजवळ वीस सेकंद लागतात. आणि याच भागात एसीची जाणीव ठेवणारा दुसरा छोटा कंडेन्सर असतो, तो तर मुळीच वाढवू नये. तो मोठा झाला की बटण बंद केल्यावरही रिले धरून राहतो आणि मावळत्या व्होल्टेजची किरकिर स्पीकरमध्ये जाते.

रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून, रिले बोटाने दाबून, हळूच ओढून ते साफ केले. पॉलिश पेपर वापरू नये. वरचा चांदीचा थर निघतो आणि महिन्याभरात तोच त्रास परत येतो.

इथे एक जोड द्यायला हवी, कारण आपल्याकडे अजून भरपूर असलेल्या एकेरी पुरवठ्याच्या संचांत, विशेषतः २एन३०५५ हे पॉवर ट्रान्झिस्टर लावलेल्या जुन्या भारतीय अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आउटपुटला १००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तो स्पीकरमधूनच चार्ज होतो, त्यामुळे सुरू होताना एक मऊ ‘ढुप’ येणारच. ती त्या रचनेची सवय आहे, तिच्यासाठी संच खोलू नये.

दुसरा आवाज : डावीकडची चरचर

तापलेल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे पडावेत तसा हा आवाज होता. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी कमी होत नव्हता. यावरून बहुतेक जण ‘दोष व्हॉल्यूमच्या पुढे’ एवढे म्हणतात आणि ते बरोबरच असते, पण व्हॉल्यूमच्या पुढे या संचात टोन कंट्रोलचा भाग आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असे दोन टप्पे आहेत. उजवीकडची टपटपसुद्धा व्हॉल्यूमने बदलत नव्हती. या कसोटीवर दोन्ही दोष सारखेच दिसले असते.

सुदैवाने मागच्या बाजूला ‘प्री-आउट’ (टोन भागातून बाहेर) आणि ‘मेन-इन’ (पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आत) जोडणाऱ्या दोन लिंक होत्या. संच बंद करून त्या काढल्या आणि मेन-इनमध्ये शॉर्ट केलेल्या आरसीए पिना घातल्या (पिनेत मधला दांडा आणि बाहेरची कडी वायरीने जोडायची, झाले). शॉर्ट पिन फक्त मेन-इनमध्ये घालावी, प्री-आउटमध्ये चुकूनही नाही. संच पूर्ण थंड करून पुन्हा सुरू केल्यावर उजवीकडची टपटप नाहीशी झाली, डावीकडची चरचर मात्र तशीच. दोन दोष दोन घरांत वेगळे झाले.

डाव्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही उरणारा डीसी दाब, मोजला. सुरुवातीला उणे १४० मिलिव्होल्ट, चरचरीबरोबर तीस-चाळीस मिलिव्होल्टच्या उड्या, आणि शांत झाल्यावर उणे ६० च्या आसपास स्थिर. उजवीकडे पहिल्यापासून १२ मिलिव्होल्ट. चरचर आणि डीसी बरोबरीने उडतात तेव्हा संशय पहिल्या टप्प्यावर, म्हणजे डिफरन्शियल जोडीवर (आत येणारा सिग्नल आणि फीडबॅक यांची तुलना करणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांवर) जातो, कारण आउटपुटचा मध्यबिंदू तीच ठरवते. ड्राय सोल्डरचाही (नीट न धरलेल्या सोल्डर जोडाचाही) संशय होताच; तोही तापमानाबरोबर येतो-जातो. म्हणून आधी लाकडी काडीने प्रत्येक भाग हलकेच ठोकून पाहिला. चरचरीत काही बदल झाला नाही. ड्राय सोल्डर असता तर एखाद्या ठोक्याला तरी खर्रकन बोलला असता.

मग थंडाव्याची परीक्षा. संच तापून शांत झाल्यावर फ्रीझर स्प्रेचा बारीक फवारा नळीने फक्त त्या दोन ट्रान्झिस्टरांवर मारायचा, शेजारच्या भागांना पुठ्ठ्याचा आडोसा देऊन. काही सेकंदांत चरचर परत आली. पावसाळ्यात मात्र ही परीक्षा जपून करावी. बडोद्याच्या जुलैच्या दमट हवेत थंड झालेल्या भागावर लगेच दव साचते आणि ते दवच पीसीबीवर खोटी चरचर निर्माण करते. अशा दिवसांत कापसाच्या बोळ्यावर अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन ट्रान्झिस्टरच्या माथ्याला लावणे पुरते.

तरीही शेवटचा पुरावा अदलाबदलीचाच. डावीकडची जोडी उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे लावली. चरचर उजवीकडे गेली. आता वाद उरला नाही.

ही जोडी २एसए७२६ या पीएनपी ट्रान्झिस्टरांची होती. जुन्या जपानी संचांत हा नंबर जागोजाग सापडतो आणि वयोमानाने आवाज करणाऱ्यांत तो प्रसिद्ध आहे. पाय काळे पडलेले होते. स्फटिकातल्या किंवा त्याच्या पृष्ठभागावरच्या दोषांत विद्युतभार अडकतो आणि सुटतो, त्या प्रत्येक वेळी प्रवाह पायरीसारखा उडतो, आणि पहिल्या टप्प्यातली ती पायरी पुढे वाढून स्पीकरमध्ये चरचर होते. तापमान वाढले की हे अडकणे-सुटणे फार वेगाने होऊ लागते, वेगवेगळे फटके कानाला कळत नाहीत, नुसती बारीक सळसळ उरते. संच तापल्यावर दोष ‘बरा’ होत नाही, फक्त ऐकू येईनासा होतो. दुकानात संच तासभर चालू ठेवून तपासणाऱ्याला तो का सापडत नाही, याचे उत्तर यातच आहे.

बदली भाग निवडताना जुन्याच नंबरचा ‘नवा’ ट्रान्झिस्टर घेऊ नये. उत्पादन कधीच थांबलेल्या नंबरांचे बनावट नग बाजारात भरपूर मिळतात. इथे बीसी ५५६ बी वापरला: कुठेही मिळतो, किंमत किरकोळ, ६५ व्होल्ट सोसतो, म्हणजे ३५ व्होल्टच्या पुरवठ्यावर पुरेशी सवड. बीसी ५६० सी आवाजाने आणखी शांत आहे, पण त्याची मर्यादा ४५ व्होल्ट. २४० चा टप्पा चुकून २२० वर गेला तर ती सवड अगदी थोडी उरते.

घोटाळा होतो तो पायांचा. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एसए७२६ चे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे असतात. बीसी ५५६ चे कलेक्टर, बेस, एमिटर. नुसता उलटा फिरवला तर एमिटर, बेस, कलेक्टर असा क्रम येतो, म्हणजे एमिटर जागेवर पडतो पण उरलेले दोन उलटे. त्यामुळे फिरवून बसवायचा, मधला आणि शेवटचा पाय एकमेकांवरून न्यायचा, आणि त्यातल्या एकावर बारीक स्लीव्ह घालायची. स्लीव्ह विसरली तर पाय टेकतात आणि आउटपुट पूर्ण व्होल्टेजला चिकटते.

दहा नग घेऊन त्यांतून जुळणारी जोडी निवडली: मल्टिमीटरच्या सॉकेटवर एचएफई (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो तो आकडा) पाच टक्क्यांच्या आत, आणि सारख्याच प्रवाहावर बेस-एमिटर व्होल्टेज दोन मिलिव्होल्टच्या आत. मोजताना ट्रान्झिस्टर बोटात धरू नये, हाताच्या उबेने एका अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्ट उतरतात आणि सगळी जुळवणी खोटी ठरते. बसवताना दोघांच्या सपाट बाजू थर्मल पेस्ट लावून एकमेकींना भिडवल्या आणि वरून हीटश्रिंकची कडी चढवली, म्हणजे दोघे बरोबरच तापतात.

जुन्या तपकिरी पीसीबीचे ट्रॅक पटकन उचकटतात. सोल्डरिंग आयर्न ३२० अंशांच्या आसपास, एका ठिकाणी दोन-तीन सेकंदच, आणि जुने सोल्डर डीसोल्डर वातीने काढावे. खेचाखेच करू नये.

मुळात उजवीकडे असलेल्या जोडीच्या जागीही नवीच जोडी बसवली. ती जुनी जोडी आज शांत असली तरी त्याच वयाची, त्याच काळ्या पायांची होती.

तिसरा आवाज : उजवीकडची टपटप

याला फार वेळ लागला नाही. प्री-आउटच्या उजव्या सॉकेटवर काहीही सिग्नल नसताना डीसी मोजला. सुरू होताच ०.३५ व्होल्ट, दहा मिनिटांत ०.०२ वर. टोन भागाच्या शेवटी असलेला ४.७ मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कंडेन्सर गळत होता. वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या इलेक्ट्रोलिटिकचा आतला ऑक्साइडचा थर झिजतो, वीज मिळाली की तो पुन्हा बांधला जातो, आणि बांधला जाताना गळती थेंबाथेंबाने तुटते. तीच टपटप. रोज वापरल्यावर ती कमी होत जाते खरी, पण कंडेन्सर तोपर्यंत पुढच्या टप्प्याला डीसी पोचवत राहतो. दोन्ही बाजूंना ४.७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचे नवे घातले. जागा असती तर फिल्म कंडेन्सर घातला असता; तो सुकत नाही. या पीसीबीवर तेवढी जागा नव्हती.

मेळ बसवणे

डिफरन्शियल जोडी बदलल्यावर बायस, म्हणजे सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा प्रवाह, पुन्हा लावणे भाग आहे. आधी बायस ठरवणारे जुने उघडे प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टन्स) बदलावेत. घासून गेलेल्या प्रीसेटचा मधला स्पर्श सुटला की बायस थेट शेवटपर्यंत चढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर काही सेकंदांत जातात. नवा प्रीसेट बसवण्याआधी मीटरने बघून तो सर्वांत कमी बायसच्या टोकाला ठेवावा, सिरीज बोर्डवर संच सुरू करावा, मग थेट विजेवर घ्यावा. आउटपुटच्या ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टन्सवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण २१ मिलिअँपिअर, असे हळूहळू लावले, पंधरा मिनिटे तापू दिले आणि पुन्हा तपासून जागेवर आणले. सर्व्हिस मॅन्युअल हाती असेल तर त्यातलाच आकडा धरावा.

शेवटच्या मोजणीत ऑफसेट डावीकडे ८ आणि उजवीकडे ११ मिलिव्होल्ट, थंड सुरुवातीलाही २० च्या आत. त्यानंतरच, आधी भंगारातल्या चार इंची स्पीकरवर आणि मग मालकांच्या स्पीकरवर जोडणी केली.

काम अजून एक उरले आहे. फोनोच्या, म्हणजे तबकडीचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या, पीसीबीवर त्याच काळ्या पायांचे चार ट्रान्झिस्टर आहेत. ते सध्या गप्प आहेत, पण तबकडीचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि तिथला छोटासा फटकाही पुढे कित्येक पटींनी वाढतो. मालकांनी महिनाभर रोज थंड संच सुरू करताना, सिलेक्टर फोनोवर ठेवून आणि सुई उचलून, पहिली पाच मिनिटे ऐकावीत. चरचर कुठल्या बाजूला आली ते लिहून ठेवले की त्या बाजूचे दोनच बदलावे लागतील.